एका हाताने मिटणारी बाबागाडी

रविवार, १२ जानेवारी २०२५

जुईच्या जावळाची तारीख ठरली. १६ फेब्रुवारी. आईने फोनवर तारीख सांगितली, न्हाव्याला कळवल्याचं सांगितलं आणि माझं मत न विचारताच फोन ठेवला. म्हणजे ठरलंच.

गाव अमळनेरजवळ. सिल्वाशाहून वापीपर्यंत शेअर रिक्षा, वापीहून सुरत, सुरतेला फलाट बदलून भुसावळकडची पॅसेंजर आणि अमळनेरहून पुन्हा रिक्षा. कागदावर मांडलं तर दहा तास आणि चार चढउतार झाले. जुई तेव्हा नऊ महिन्यांची होत आलेली असेल. आज वाण्याच्या काट्यावर तिला बसवली, आठ किलो दोनशे भरली. तेजू म्हणते, "एवढीशी तर आहे. आलटूनपालटून कडेवर घेऊ." मी म्हटलं, प्रवासाची छोटी मिटणारी बाबागाडी घेऊ. ती म्हणाली, "मी आलटूनपालटून म्हटलं." मी म्हटलं, ऐकलं.

ही डायरी कंपनीला प्लास्टिकचा दाणा पुरवणाऱ्या पार्टीने वाटली. कागद बरा आहे. गेल्या वर्षीचीही मी नेमाने भरली होती, फक्त ऑगस्टची दहाबारा पानं कोरी राहिली. तेव्हा कामं फार होती.

दुसरी गोष्ट म्हणजे तेजूला सामरवरणीच्या एका शाळेतून पत्र आलंय. मराठी शिकवायचं, ३ मार्चपासून, सकाळी सात ते साडेबारा. होकार वीस फेब्रुवारीपर्यंत कळवायचा. जुई व्हायच्या आधी ती शिकवायची, तेव्हा घरी आली की तासभर वर्गातलीच बडबड. मी वैतागायचो, आता ती बडबड आठवते. माझी कायमची सेकंड शिफ्ट, दीडला घर सोडतो, म्हणजे सकाळ मोकळीच. मी लगेच म्हटलं, हो म्हण, जुईला मी बघेन, गाडी तर घेतोच आहोत. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बघू." यात बघायचं काय आहे, मला कळलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

जुईची पहिली संक्रांत, म्हणून बोरन्हाण घातलं. हलव्याचे दागिने तेजूने स्वतः केले, दोन रात्री बसून. सिल्वाशातल्या आमली भागाच्या या गल्लीत आज सगळी पोरं गच्चीवर पतंगाच्या मागे, तरी चुरमुरे आणि गोळ्या लुटायला सातआठ जण खाली आलेच. जुईच्या डोक्यावरून बोरं पडली तशी ती आधी दचकली आणि मग एक बोर उचलून थेट तोंडात.

शेजारच्या रोशनीवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घ्या ना मांडीवर, बापलेकीचा एक फोटो होऊ दे." मी म्हटलं, फोटो मीच चांगले काढतो. एकशे बारा काढले. आता बघत बसलोय. पोरगी इतकी गोड दिसते की छातीत दुखतं. माझा एकही नाही, पण काढणाऱ्याचा नसतोच.

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी दुकानात गेलो. आधी आईचा फोन झाला होता. बाबागाडी म्हटल्यावर तिने सगळ्यात आधी हे सांगितलं, "रिकामा पाळना हालावू नही, पोरनं पोट दुखस. गाडी बी तशीच." मी अशा गोष्टी मानत नाही. पण उगाच परीक्षा कशाला घ्या, म्हणून पिशवीत बरोब्बर आठ किलो दोनशे तांदूळ भरून घेऊन गेलो. वजन टाकल्याशिवाय चाचणीला तसाही अर्थ नसतो.

दुकानात तीन गाड्या होत्या. पहिली मोठी, झुल्यासारखी, ती नकोच. दुसरी छत्रीसारखी मिटते, हलकी आहे, पण पाठ टेकवता येत नाही. तिसरी तीन घड्यांत मिटते, खांद्याला अडकवायला पट्टा आहे. मी टेप काढून मापं घेतली. मिटल्यावर लांबी, रुंदी, चाकांचा व्यास, पट्ट्यांची कुलुपं, ब्रेक. आणि सीटची जमिनीपासून उंची. पहिलीची बासष्ट सेंटीमीटर, दुसरीची अडतीस, तिसरीची सेहेचाळीस. तांदळाला पाच पट्टे लावून दुकानात चार फेऱ्या मारल्या. दुकानदार गुजराती, सज्जन माणूस. शेवटी म्हणाला, "भाऊ, बेबीलाच घेऊन या ने. तांदळाला काय समजणार?"

छत्रीवाली घेतली. अडतीस मला पटली.

सोमवार, २० जानेवारी

गाडी कंपनीत नेली. घरी सांगितलं की चाकं आवाज करतात, ग्रीस लावून आणतो. पण चाचणी करायचीच होती. आमच्या खात्यात दिवसभर तेच चालतं. वीस लिटरचा कॅन पाण्याने भरायचा, एक मीटर वीसवरून सोडायचा, मग कोपऱ्यावर सोडायचा, मग झाकणावर. फुटला तर अख्खा लॉट परत. अकरा वर्षं झाली. आता एखादी वस्तू कुठेही ठेवलेली दिसली की मला आधी तिच्याखालची जमीन दिसते.

काळूने मदत केली. काळू दुधनीचा, माझ्याबरोबर सहा वर्षं आहे. कॅन सोडायला त्याच्यासारखा हात नाही. आम्ही तांदूळ बांधून गाडी पायरीवरून सोडली, एकदा सरळ, एकदा तिरकी. तिरकीला पुढचं चाक वाकलं. मी रजिस्टरमध्ये लिहावं तसं कागदावर लिहिलं, नापास.

काळू वाकून चाक बघत म्हणाला, "पाटीलभाऊ, पोरगी तुमच्याकडं येत नाय, का तुमी तिच्याकडं जात नाय?"

मी म्हटलं, काम कर. त्याने कॅन भरायला लावला. चार पोरांचा बाप आहे, त्याला वाटतं सगळं येतं. म्हणे त्याच्या दोन नंबरच्याला त्याने धरणाच्या पाण्यात होडीत उभं केलं होतं, दीड वर्षाचा असताना.

रविवार, २६ जानेवारी

वाकलेल्या चाकाची गाडी परत कोण घेणार? ती माझ्या अंगावर पडली. तेजूला खरं सांगितलं. ती हसली, पण फार नाही.

आज वापीला मोठ्या दुकानात गेलो, तिघं. जुई तेजूच्या कडेवर, तांदूळ माझ्या हातात. तेजू म्हणाली, "पोरगी बरोबर आहे तर तांदूळ कशाला?" मी म्हटलं, तांदूळ रडत नाही, चाचणी नीट होते. रिक्षात समोर बसलेला माणूस दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

इथली मिळाली. सहा किलो, तीन घड्यांत मिटते, उघडली की स्वतःहून खटका लागतो, खांद्याला पट्टा. सीट चव्वेचाळीस. मुख्य म्हणजे एका हाताने मिटते. हा मुद्दा मी आधीपासून धरून होतो. रेल्वेत चढताना बाईच्या एका हातात मूल असतं, तर दुसऱ्या एका हाताने गाडी मिटली पाहिजे. दुकानातच तेजूकडून सराव करून घेतला. खटका दाब, दांडा ढकल, उचल. पहिल्यांदा एकतीस सेकंद, पाचव्यांदा चौदा.

तिने विचारलं, "आणि तुमचे दोन हात?"

मी म्हटलं, माझ्याकडे बॅगा.

येताना जुई गाडीत झोपून गेली. मी ढकलत होतो. पोरगी माझ्या पुढे, तोंड पुढे, मला फक्त तिचं जावळ दिसत होतं, मानेपाशी घामाने चिकटलेलं. ते केस आता वीस दिवसांत जाणार. मला उगाच वाईट वाटलं.

रविवार, २ फेब्रुवारी

संध्याकाळी नदीकाठी फिरायला नेली, गाडीची रस्त्यावरची चाचणी. खड्डे, वाळू, गतिरोधक, सगळं पास.

एका ठिकाणी तेजू कणसं आणायला गेली. मी गाडीला ब्रेक लावला आणि समोर उकिडवा बसलो. तसा बसलो की आम्ही दोघं एका उंचीवर येतो. जुईने माझ्या मिशीकडे बघितलं, मग हात लांब करून मिशी ओढली, चांगली जोरात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती खळखळून हसली. मी करंगळी पुढे केली. तिने ती पकडली आणि सोडेना. तेजू येईपर्यंत आम्ही तसेच. पायाला मुंग्या आल्या, तरी उठलो नाही.

तेजू दोन्ही हातांत कणसं घेऊन थोडी लांबच उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. कणसं गार झाली होती.

मग जुईने दोन्ही हात वर केले, घे म्हणून. माझ्याकडे बघून केले. मी म्हटलं, "तेजू, ही बघ, तुला बोलावते."

रविवार, ९ फेब्रुवारी

शाळेतून फोन आला होता. मी दाढी करत होतो, बाहेरचं ऐकू येत होतं. तेजू म्हणाली, "मॅडम, माझी इच्छा आहेच. पण घरचं बघायचंय. वीसपर्यंत नक्की सांगते. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला द्या, मी रागावणार नाही."

घरचं म्हणजे काय? विचार केला, आणि माझ्या लक्षात आलं, आई. आईने नक्की काहीतरी म्हटलं असणार, की पोर तान्ही असताना नोकरी कसली. सासूचं नाव नवऱ्यापुढे कसं घेणार, म्हणून तेजू गप्प. मी लगेच गच्चीवर जाऊन आईला फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं. आई म्हणाली, "मी कशाले नही म्हनसू? मीच तर तिले सांगं, नोकरी कर. तुले कोन म्हने?" आता कोण म्हणालं हे मी काय सांगणार. तोंडघशी पडलो.

खाली येऊन तेजूला म्हटलं, आईची काही हरकत नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे." मी म्हटलं, मग अडतंय कुठे? ती जुईला भरवत होती. चमचा तसाच धरून म्हणाली, "साडेपाच तास म्हणजे खूप होतात हो. ती रडते, झोपते, घाण करते, पडते, उठते. गाडीत बसवून सगळं होत नाही."

मी म्हटलं, गाडीची पाठ पूर्ण आडवी होते, झोपेल.

तिने चमचा जुईच्या तोंडात दिला. मला वाटतं तिला पोरीला सोडून जाववत नाहीये. आईची माया. तसं असेल तर मी जबरदस्ती करणार नाही. पण तिने कपाटातून शाळेच्या साड्या काढून इस्त्रीला दिल्या होत्या, त्या मी बघितल्या. आज त्या परत आत गेल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तयारी. गाडी तेलपाणी करून ठेवली. तेजूचा वेळ अकरा सेकंदांवर आलाय. कोण काय उचलणार याची यादी केली. तेजू: जुई. मी: मोठी बॅग, छोटी सॅक, मिटलेली गाडी. यादी तिला वाचून दाखवली. "छान केलीय," म्हणाली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, गावी

बाकी सगळे झोपलेत, रात्र झाली आहे. आज सविस्तर लिहायचं आहे, आणि खरं.

पहाटे निघालो. वापीपर्यंत उत्तम. गाडी रिक्षात मागे बसली, रेल्वेच्या दारातून गेली, सीटखाली सरकली. एकही माप चुकलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सुरतेला उतरलो. पुढच्या गाडीला चाळीस मिनिटं होती. पलीकडच्या फलाटावर जायचं. लिफ्टपाशी रांग होती, पण वेळही होता, मी रांगेकडे निघालो. तेजू जिन्यापाशी थांबली. तिने ब्रेक लावला, जुईचे पट्टे सोडले, तिला उचललं आणि माझ्याजवळ आली.

"धरा जरा."

मला वाटलं, मिनिटभरासाठी. मोठी बॅग खाली ठेवली, धरलं. तिने खटका दाबला, दांडा ढकलला, गाडी मिटली, पट्टा खांद्याला अडकवला. मी ठेवलेली मोठी बॅग दुसऱ्या हातात घेतली. आणि ती जिना चढायला लागली.

मी म्हटलं, "तेजू." मग मोठ्याने म्हटलं. तिने मागे बघितलं नाही. गर्दीत ऐकू गेलं नसणार. यादीत तसं नव्हतं, ती घाईत विसरली असणार. गाडी मिटायला तिला आठ सेकंद लागले असतील, आजवरचा सगळ्यात चांगला वेळ.

मी खाली उभा. हातात जुई. लोक धक्के देत वर चालले होते. तिची पाठ माझ्या डाव्या हातावर, आणि तिथून फलाट एक मीटर तीस. हे मी मोजलं नाही, मला दिसतंच. जिन्यावर तर दर पायरीला उंची वाढत जाणार. माझे तळहात ओले झाले. ओले झाले म्हणजे निसटणार. ऑगस्टमध्ये तसंच झालं होतं.

ते लिहून टाकतो. अकरा ऑगस्ट, रविवार. जुई तीन महिन्यांचीही नव्हती. तेजूने तेल लावून ठेवलं होतं आणि ती पाणी काढायला गेली होती. मी उचललं. तेलाने निसटली. गादीवर पडली, साठ सेंटीमीटरवरून, फार नाही. पण मला आवाज आला. इतके कॅन सोडले, सगळे आवाज मला ओळखू येतात, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती आधी रडली नाही, श्वास धरला, आणि मग रडली. तेजू धावत आली, मी म्हटलं, काही नाही, ठेवताना जरा जोरात ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी लस होती, डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक म्हणाले. ठीकच होतं. पण माझ्या हातांवरचा माझा विश्वास त्या दिवशी गेला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तेजूला माहीत नाही. सहा महिने मी माझ्या पोरीला उचललेली नाही, आणि रोज एक नवीन कारण शोधलं आहे. कारणं मला स्वतःलाही पटायची.

तर मी जिन्याखाली उभा होतो. तेजू वर वर जात होती. मी तिथेच बसून राहणार होतो, पायरीवर. पोरीला मांडीत घेऊन, कुणीतरी येईपर्यंत.

तेवढ्यात जुईने माझी कॉलर धरली. एका मुठीत कॉलर, दुसऱ्या मुठीत कान. मी एक पायरी चढून बघितली. मूठ घट्ट झाली. दुसरी चढलो. तिने गुडघे माझ्या पोटाला दाबले, तोंड मानेत खुपसलं. मी थांबलो की ती सैल व्हायची, मी निघालो की घट्ट.

अकरा वर्षं मी कॅन सोडतोय. कॅन कधी मला धरत नाही. ही धरते. मी तिला धरलं होतं त्यापेक्षा तिने मला जास्त धरलं होतं. हे मला माहीतच नव्हतं, कारण ती धरायला लागली तेव्हापासून मी तिला जवळ येऊच दिलं नव्हतं. ऑगस्टमधली जुई धरत नव्हती. ही वेगळी आहे, मोठी झालेली आहे, आणि मी ऑगस्टमधल्याच जुईला घाबरत बसलो होतो. इतके महिने माझी वाट बघायला लावली तिला. मला रडू आलं, जिन्यावरच, लोकांत. रडत रडत चढलो. पायऱ्या मोजल्या नाहीत.

पुलावर तेजू कठड्याला टेकून उभी होती. तिचेही डोळे लाल होते. बॅग फार जड आहे, मला आधीच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "बॅग दे इकडे."

ती म्हणाली, "नको. तुमचे हात भरलेत."

पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसलो. जुई माझ्या छातीवर झोपली, नंदुरबारच्या पुढपर्यंत. उजवा हात बधिर झाला. गाडी सीटखाली होती, कुणी उघडली नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी, गावी

जावळ झालं. अमोल, तेजूचा भाऊ, काल रात्री नाशिकहून आला. मामाच्या मांडीवर बसवून केस काढतात. जुई पहिल्या वस्तऱ्यापासून जी रडायला लागली ती संपेपर्यंत. माझी चुलत बहीण पदर पसरून बसली होती, एकही केस जमिनीवर पडू दिला नाही. अमोल घामाघूम. "दाजी, हिच्यात ताकद किती आहे," म्हणत होता. मी म्हटलं, माहीत आहे.

झाल्यावर गोटा झालेली पोर तेजूने घेतली, आईने घेतली, थांबेना. मी घेतलं. गोठ्याकडे नेऊन वासरू दाखवलं. तिने वासराला बघितलं, वासराने तिला, आणि रडं थांबलं. डोकं माझ्या हनुवटीखाली, नव्या नवलाईचं, गरम. आई ओट्यावरून बघत होती. तेजूला हळूच काहीतरी म्हणाली, आणि दोघी हसल्या. काय म्हणाली ते दोघींनीही सांगितलं नाही.

गाडीचा गावातल्या पोरांनी ताबा घेतलाय. रिकामी लोटायची नाही म्हणून आई तिच्यात रोज काहीतरी भरून देते. आज दोन भोपळे हिंडून आले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

परत सिल्वासा. येतानाही सुरतेला जिनाच चढलो. मी जुईला घेतलं, तेजूने बाकीचं. नवी यादी केली नाही.

सकाळी मी जुईला आंघोळ घातली. तेल नको म्हणालो, तेजू म्हणाली बरं. थोड्या वेळाने मीच म्हटलं, आण तेल. फार जपून लावलं. जुई मासळीसारखी वळवळते, पण एक हात कायम माझ्या मनगटावर. पाऊण तास लागला. बाहेर आलो तर तेजू फोनवर होती. "हो मॅडम, तीन तारखेला येते. हो, नक्की."

मी विचारलं, इतके दिवस का लावलेस? तिने टॉवेल हातात घेतला आणि म्हणाली, "लागतात काही गोष्टींना." बरं झालं, मनातली माया आवरली तिने एकदाची.

दुपारी कंपनीत काळूला पेढा दिला. म्हटलं, जावळाचा. त्याने माझ्या शर्टाची कॉलर बघितली, एका बाजूने ताणून लोंबलेली, आणि पेढा तोंडात टाकला.

सोमवार, ३ मार्च

पावणेसातला तेजू गेली. निळी साडी. जुईने दारात भोकाड पसरलं. तेजूने जिन्यात वळून हात हलवला आणि गेली.

मी जुईला घेतलं. मग दिवसभर काय झालं ते सलग सांगता येत नाही. गच्चीवर गेलो, रोशनीवहिनींची कबुतरं बघितली. खिमट करपलं, दुसरं केलं. अर्धं तिने खाल्लं, अर्धं माझ्या शर्टाने. साडेनऊला झोपली ती अंगावरच, खाली ठेवली की उठायची, म्हणून मी भिंतीला टेकून बसून राहिलो. दहाला उठून पलंगाच्या कडेला धरून उभी राहिली, पहिल्यांदा. दोन सेकंद. मग धपकन बसली. मी ओरडलो, ती दचकली, मग दोघंही हसलो. एकदा डोकं टेबलाला लागलं. मी धावलो, पण ती चोळून घेऊन पुन्हा त्याच टेबलाकडे गेली.

सगळा वेळ फोन शेजारी ठेवला होता. मला वाटत होतं तेजूचा फोन येईल. मधल्या सुट्टीत तरी येईलच. काय सांगायचं ते ठरवूनही ठेवलं होतं, उभी राहिल्याचं आधी, टेबलाचं नंतर. साडेनऊ झाले, अकरा झाले, बारा झाले. एकही फोन नाही. मेसेजही नाही. मला थोडं लागलं. नव्या शाळेत गेली आणि घर विसरली, असंही मनात आलं.

एकला आली. हातपाय धुतले, जुईला घेतलं, पापे घेतले आणि वर्गातलं सांगायला सुरुवात केली. पाचवीत एक पोरगा आहे, कविता म्हणताना डोळे मिटतो. तिसऱ्या बाकावरच्या पोरीने तिच्यासाठी डब्यातली पोळी ठेवली. मी ऐकत होतो. दीडला निघायचं होतं, तरी ऐकत होतो. शेवटी बूट घालताना विचारलंच, की एवढ्या वेळात एकदाही फोन का नाही केला.

तिला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. पोरीचा हात शर्टाच्या बाहीतून काढत म्हणाली, "कशाला करायचा? तुम्ही होतात ना."

मी जिना उतरलो, रस्त्यावर आलो आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. शिफ्टला दहा मिनिटं उशीर झाला.